मैदानाकडे पाठ

कुडाळात माझ्याकडे गणिताच्या शिकवणीला येणाऱ्या पोरांना वाटतं, बाईंना गणित आईच्या पोटातूनच येत असणार. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. कशाला करू? सतराव्या वर्षापर्यंत साधं समीकरण बघून मला घाम फुटायचा आणि शाळेत अख्ख्या व्हरांड्यासमोर मला ‘मॅथ्स’ अशी हाक मारली जायची, हे सांगून त्यांचे मार्क थोडेच वाढणार आहेत?

ही हाक मारायच्या त्या आमच्या मिस. बहारीनच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात खेळणाऱ्या मुलांच्या राशीला बसायच्या. पळणारं, उड्या मारणारं, हॉकीची काठी घेऊन हिंडणारं एखादं पोर दिसलं, की आधी त्याचा कच्चा विषय शोधायचा आणि मग तेच त्याचं नाव. लांब उडी मारणारा एक मुलगा होता, तो ‘केमिस्ट्री’. ते नाव त्याला इतकं चिकटलं, की पालकसभेत त्याच्या आईनेही बिचारीने “मी केमिस्ट्रीची मम्मी” अशी स्वतःची ओळख करून दिली. सगळे हसले. मिस हसल्या नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही.

मिस वसईच्या. तेव्हा पन्नाशीला आल्या असतील. लग्न केलेलं नव्हतं. गुडघ्याखाली येणारा फ्रॉक, सँडलमध्ये पांढरे मोजे, आणि घराबाहेर पाऊल टाकलं की डोक्यावर काळी छत्री. प्रिन्सिपलनी त्यांना ‘गायडन्स’साठी म्हणून व्यायामाच्या गाद्या ठेवायची खोली दिली होती, गाद्या मात्र तिथून हलवल्या नव्हत्या. खोलीला एसी होता, तो मिस कधी लावत नसत. थंडीत मेंदू झोपतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही मैदानावरून निथळत त्या भट्टीत यायचो आणि उभ्याने गणितं सोडवायचो. बसायचं नाही. समोर मऊमऊ गाद्यांची थप्पी, पायांचे तुकडे पडलेले, आणि मिस खुर्चीत बसून संत्रं सोलतायत. संत्र्याच्या साली त्या टेबलाच्या खणात ठेवायच्या, झुरळं येत नाहीत म्हणून. झुरळं यायचीच.

शाळेत सगळा कारभार इंग्रजीत. घरी आईबाबा मालवणीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तरं द्यायचे, जशी तिथली सगळीच पोरं देत. पण खोलीत आम्ही दोघीच असलो की मिस मराठीवर यायच्या. मी इंग्रजीत काही सांगायला लागले की हात वर करायच्या. “मराठीत सांग गो. इंग्रजीत तू फार चटकन खोटं बोलतेस.” आज मी हे जे मराठी बोलते-लिहिते, त्यातलं निम्मं त्या गाद्यांच्या खोलीतलं आहे.

त्यांचं काम काय होतं, ते नीट सांगायला हवं, कारण त्या काळात आमच्या लोकांना ते ठाऊकच नव्हतं. पळून किंवा उडी मारून अमेरिकेतल्या कॉलेजात जागा मिळते, फी माफ होते, राहण्या-जेवण्याची सोय होते, हे माझ्या बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना ती सर्कशीतली नोकरी वाटली होती. मिस म्हणायच्या, पळायला येतं म्हणून कोणी घेत नाही. ठरावीक विषय लागतात. भाषा, गणित, प्रयोगशाळेसकट विज्ञान. आमच्याकडे खेळणारं पोर म्हणजे अभ्यासात ढ, हे पालकांनी धरूनच चाललेलं, म्हणून त्याला दहावीनंतर गणित सोडायला लावून कॉमर्सला घालायचे. मिस अशा पालकांच्या घरी जाऊन भांडायच्या. चहा घ्यायच्या नाहीत. पाणी मागायच्या, मुलाचं टेबल कुठे आहे ते बघायच्या, वरचा बल्ब मंद असेल तर बदलायला सांगायच्या आणि मग भांडायच्या.

दुसरी कटकट मार्कांची. आमच्या बोर्डात साठ मिळाले की फर्स्ट क्लास, घरात पेढे. तिकडचा कोच साठ बघायचा आणि म्हणायचा, हे पोर जेमतेम पास झालंय. मग मिस टाइपरायटरवर एक पान बडवायच्या, की आमच्याकडे साठ म्हणजे काय, इथले परीक्षक कसे हात आखडून मार्क देतात, आणि ते पान प्रत्येक मार्कशीटला टाचून पाठवायच्या. केमिस्ट्री त्याच पानावर अमेरिकेत गेला, असं पीटीचे सर म्हणायचे.

पीटीच्या सरांचं आणि मिसचं मात्र मुळीच पटत नसे. त्याला कारण घडलं होतं. एकदा मिसनी विचारलं, तुम्ही मुलांच्या वेळा कोचना कळवता, पण आपलं मैदान खरंच चारशे मीटरचं आहे का? सर म्हणाले, म्हणजे काय, आहेच. मिसनी कुठूनशी बांधकामवाल्यांची लांब टेप पैदा केली आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी दोन शिपायांना धरून सगळा ट्रॅक मोजला. ट्रॅक आखूड निघाला. शाळेचे आजवरचे सगळे विक्रम एका सकाळीत रद्द. फळ्यावरची नावं पुसली गेली, त्यात सरांच्या मुलाचंही होतं. सरांनी कपाळाला हात लावला आणि नंतर कित्येक महिने मिसशी अवाक्षर बोलले नाहीत. मिसचं म्हणणं एकच, उद्या तिकडे गेल्यावर मोजलं असतं तर पोराचं नाक कापलं गेलं असतं. अशी ही बाई. जे मोजता येईल ते मोजून बघणार, जे विचारता येईल ते विचारून घेणार.

आणि तरी या बाईने कधी कुणाला पळताना बघितलं नाही. खेळांच्या दिवशी त्या यायच्या जरूर. कुंपणाच्या भिंतीजवळ, छत्री उघडून, मैदानाकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि पेपर तपासायच्या. मागे पिस्तूल उडतंय, पोरं किंचाळतायत, आणि यांची लाल पेन्सिल चाललेली. आम्हाला ते भलतंच विनोदी वाटायचं. आम्ही त्यांची नक्कल करायचो, छत्रीच्या जागी झाडू धरून.

त्यामागचं कारण मला पीटीच्या सरांनीच सांगितलं, आणि तेही रागात. सत्तरच्या दशकात, आम्ही बहारीनला यायच्या आधी, शाळेत हॉकी खेळणारा एक उंच मुलगा होता. मिस तेव्हा त्याच्या प्रत्येक मॅचला पुढच्या रांगेत बसायच्या. ओरडायच्यासुद्धा! त्याला बाहेरच्या कॉलेजने बोलावलं, आणि ऐन वेळी कळलं की त्याने गणित सोडलेलं आहे. त्याचे विषय काय आहेत ते कोणी बघितलंच नव्हतं, मिसनीही नाही, सगळे त्याची हॉकी बघत बसले होते. तो मुलगा पुढे मीना सलमान बंदरावर एका गोदामात स्टोअरकीपर झाला. माझे बाबा त्याच बंदराच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते, ते त्याला ओळखायचे. भला माणूस, म्हणायचे, बोलतो मात्र कमी. तेव्हापासून मिसनी मैदानाकडे पाठ फिरवली. मी एकदा धीर करून विचारलं होतं, बघत का नाही म्हणून. त्या म्हणाल्या, “बघितलं की माया लागते. माया लागली की मार्कांकडे दुर्लक्ष होतं. तुझं पळणं बघायला पुष्कळ आहेत, गणित बघायला मी एकटी.”

मी आठशे मीटर पळायचे. मुलीच्या जातीने उघड्यावर पळावं कुठे, हा प्रश्न होता. आम्ही मुहर्रकला राहायचो. बाबा पहाटे मला शेजाऱ्याकडून मागून घेतलेल्या पिकअपमधून बुसैतीनच्या किनाऱ्यावर घेऊन जायचे. मी पुढे पळायचे आणि बाबा मागून हळूहळू पिकअप चालवत यायचे, दिवे लावून, म्हणजे कोणी वाकडं बोलायला नको. स्वतःच्या मुलीच्या मागे पहिल्या गियरमध्ये गाडी चालवणारा दुसरा बाप मी पाहिलेला नाही. परत येताना विचारायचे, “दमलंस?” बाकी काही नाही.

पीटीच्या सरांनी माझ्या वेळा, खऱ्या मापाच्या मैदानावरच्या, अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोचला कळवल्या. मुलींच्या टीमसाठी त्याला मी हवी होते. पाय पसंत पडले होते. अडलं ते बारावीच्या गणितावर. गणितात मी कशीबशी काठावर पास झाले, आणि ते मार्क मिसच्या टाइप केलेल्या पानानेसुद्धा झाकता येण्यासारखे नव्हते.

त्या उन्हाळ्यात बाबांचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. सगळ्यांनी गावी परतायचं ठरलेलं. सावंतवाडीचं एक स्थळही आत्याने बघून ठेवलं होतं, मुलगा बँकेत. अशा वेळी मिस आमच्या घरी आल्या. पाणी मागितलं, बल्ब बघितला, आणि बाबांसमोर उभ्या राहून सांगितलं, हिला बारावीला परत बसवा. पुन्हा परीक्षा देईल, टक्के वाढवेल, आणि मग जाईल. आमच्याकडे यात नवल काहीच नव्हतं. मेडिकलसाठी पोरं वर्ष गाळायचीच, इंजिनीअरिंगसाठी गाळायची, कमी मार्क पडले की सगळे तेच करायचे.

“एका वर्षान काम जमात मां, मिस?” बाबांनी विचारलं.

“एक वर्ष द्या मला. गणित मी बसवते. आपल्याकडे सगळे असंच करतात.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात मुदत वाढवून मागायला गेले. फिटरची जागा आधीच भरलेली होती. मिळालं ते हिद्दला, जहाजं दुरुस्त करायच्या यार्डात, जहाजांच्या तळाचा गंज वाळूच्या फवाऱ्याने उडवायचं काम. तोंडाला फडकं बांधून दिवसभर तेच. त्यांनी घेतलं. तिथून व्हिसा चालू राहिला आणि आम्हीही राहिलो. आईने आत्याला कळवलं, स्थळाला वर्षभर थांबायला सांगा, थांबायचं नसेल तर विषय संपला. ते थांबले नाहीत.

ते वर्ष मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. माझ्यापेक्षा लहान पोरींच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचं. माझ्या वर्गातल्या मुली कॉलेजात गेल्या होत्या आणि मी युनिफॉर्ममध्ये. पहाटे बुसैतीन, मग शाळा, मग गाद्यांची खोली. मिसनी माझा अक्षरशः पिट्टा पाडला. चुकलं की रागवायच्या नाहीत, नुसतं “पुन्हा” म्हणायच्या. मी एकदा वही भिंतीवर भिरकावली. त्यांनी ती उचलून आणली, झटकली आणि म्हणाल्या, “पुन्हा.” हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की मला हे जमतंय. नुसतं जमत नव्हतं, आवडायला लागलं होतं. घरी बाबा खोकायला लागले होते. रात्रीचं जेवण झालं की मी टेबलापाशी आणि ते पलीकडच्या खोलीत उशी तोंडावर धरून, मला त्रास नको म्हणून. मला ऐकू यायचंच.

निकाल लागला. गणितात मी वर्गात पहिली आले. व्हरांड्यातून चालले होते तर मागून कोणीतरी माझं नाव घेऊन हाक मारत होतं. मी थांबलेच नाही, मला वाटलं त्या नावाची दुसरी कोणी असेल. मिस धापा टाकत मागून आल्या आणि माझा हात धरला. त्यांनी माझं नाव उच्चारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. छत्रीसुद्धा खोलीत विसरल्या होत्या. मी पुष्कळ सुखाचे दिवस बघितलेत, संसारातले, पोराबाळांचे, पण तशी छाती भरून आली नाही पुन्हा.

मार्कशीट गेली. काही आठवड्यांनी एका दुपारी शिपाई सांगत आला, अमेरिकेतून फोन आहे. मिस मला ओढतच ऑफिसात घेऊन गेल्या. फोन त्यांनी घेतला, मी दाराशी उभी. पहिल्यांदा त्या हसत बोलत होत्या. मग नुसत्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, की मुलगी पुन्हा बसली आहे, मार्क बघा, पहिली आली आहे. पुन्हा ऐकलं. मग म्हणाल्या, पण आमच्याकडे असंच करतात. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा अगदी हळू. रिसीव्हर जागेवर ठेवला आणि त्यावरचा हात काढलाच नाही.

आदल्याच वर्षी तिकडे नवा नियम आला होता. नववीपासूनची चार वर्षं धरायची, आणि त्यात मिळालेले मार्क तेवढेच खरे. पाचव्या वर्षी पुन्हा बसून मिळवलेले मार्क मोजायचेच नाहीत. म्हणजे माझं गणित तेच, काठावरचं. त्यांच्या लेखी ते वर्ष झालंच नव्हतं. हिद्दची वाळू, शेवटचा बाक, ते सगळं ‘पुन्हा’, काहीच झालं नव्हतं. कोच वाईट माणूस नव्हता, त्याला हळहळ वाटली. आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं, म्हणाला. गेल्या वर्षीच ही पहिल्या मार्कांवर दुसऱ्या एखाद्या लहान कॉलेजात येऊ शकली असती, जिथे हा नियम नाही. आता तिथल्या जागाही भरल्या होत्या.

मिस माझ्याकडे वळल्या. “मी विचारलं नाही गो,” त्या म्हणाल्या. “मैदान मोजलं. हे विचारायचं मला सुचलंच नाही.”

खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला. मैदानाचा इंच न् इंच मोजणारी बाई, आणि हे विचारायचं राहिलं! पण कसं सुचणार? आपल्याकडे सगळे जे करतात, ते चूक असेल की काय असं विचारायला कोणाला सुचतं? हे मला आज कळतं. त्या दिवशी मी नुसती घरी गेले आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

बाबांना मी सांगायच्या आधीच कळलं होतं. मिस त्या दुपारी टॅक्सी करून हिद्दला गेल्या होत्या. शिफ्ट सुटेपर्यंत यार्डाच्या गेटपाशी छत्री धरून उभ्या राहिल्या, फ्रॉक आणि मोज्यांत, गंजाने माखलेल्या शेकडो पुरुषांच्या वाटेत. बाबा बाहेर आले, यांना बघून थांबले. बाबांनीच विचारलं, “नाय झाला?” त्यांनी मान हलवली. मग बाबांनी त्यांना कंपनीच्या बसमध्ये आपल्या शेजारी बसवून मुहर्रकपर्यंत आणलं. मिस गेल्यावर मी बाबांपुढे त्यांच्याबद्दल नाही नाही ते बोलले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. “तिना फसवूक नाय,” ते म्हणाले. “तिका म्हायत नाय होता.” आणि खोकत आत गेले. तो खोकला पुढे गावी त्यांच्याबरोबर आला आणि शेवटपर्यंत राहिला. त्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. मिसवरचा माझा राग गेलेला नाही. मायाही गेलेली नाही. दोन्ही एका घरात नांदतात.

परतीची तिकिटं आली होती. त्याच आठवड्यात शुक्रवारी तिथल्या भारतीय क्लबाच्या वार्षिक स्पर्धा होत्या. माझं नाव आधीच दिलेलं होतं. जाऊन काय करणार होते? पण घरात बसून तरी काय करणार होते. गेले.

पहिल्या फेरीत वळणावर मला भिंत दिसली, आणि भिंतीपाशी काळी छत्री. मिस नेहमीसारख्या, आमच्याकडे पाठ. मला बरं वाटलं, हसू नका. वाटलं, अजून काहीतरी शिल्लक असेल. कदाचित दुसरं कॉलेज, दुसरा कोच. ही बाई अजून कुणाचे तरी मार्क राखतेय ना, मग माझेही राखत असेल.

दुसऱ्या फेरीत त्याच वळणावर आले, तर छत्री मिटलेली होती. मिस माझ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. हातात पेपर नव्हते. कपाळावर आडवा हात धरून, उन्हात डोळे बारीक करून, त्या मला बघत होत्या.

तेव्हा मला कळलं की खरंच संपलं. मिसना आता बघायला हरकत नव्हती. राखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी त्या दिवशी जितकी पळाले तितकी कधी पळाले नव्हते. दुसरी आलेली मुलगी पार मागे राहिली. फीत छातीवरून काढत होते तेव्हा मिस दोरीपाशी आल्या. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. ‘मॅथ्स’ म्हणावं की नाव घ्यावं, ते त्यांना ठरवता येईना. त्यांच्या चष्म्याखालून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

“तू अशी पळतेस,” त्या म्हणाल्या. “मला ठाऊकच नव्हतं गो.”

मी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. मिसनी वाकून बूट उचलले आणि हातात धरून गेटपर्यंत माझ्याबरोबर चालत आल्या. बाहेर बाबा पिकअपमध्ये बसले होते. भर दुपारी दिवे लावलेले होते, विझवायचे राहून गेले होते. मिसनी बूट माझ्या मांडीवर ठेवले आणि दार लावून घेतलं.

बाबांनी विचारलं, “दमलंस?”

मी हो म्हणाले. त्यानंतर मी पळाले नाही.